भिंतीवरचा सांधा

तिने रिमोटचं बटण दाबलं आणि सभागृहाच्या भिंतीवर तिचा धाकटा भाऊ उभा राहिला. पण त्याला तोंडच नव्हतं. निळा डगला होता, हातमोजे होते, मागे नव्या बॉयलरचं गोल पोट होतं, आणि मानेच्या वर नुसता पांढरा उजेड. त्यात दर दोन मिनिटांनी चित्र अडकायचं. धाकट्याचा हात अर्ध्यात थांबायचा आणि मग एकदम भलतीकडेच निघायचा.

तिला हसू आलं. पाहुणे यायचे झाले आणि आमच्या दिवट्याचं तोंड गायब, असं काहीतरी ती पुटपुटली आणि खुर्ची ओढून मेनू उघडून बसली.

कागदाच्या त्या कारखान्यात तिला सगळे भिंतवाली म्हणायचे. बैठकीच्या तीन खोल्या, हे एक मोठं सभागृह आणि त्यांतले प्रोजेक्टर तिच्या ताब्यात. जिथे सांगाल तिथली भिंत उजळून द्यायची, म्हणून भिंतवाली. हे नाव कुणी पाडलं ते कुणालाच आठवत नव्हतं, आणि आता तीही त्या हाकेला ओ द्यायची. आज दोन नंबरचा बॉयलर पहिल्यांदा चालू होणार होता. सकाळपासून त्याच्याखाली मंद आग होती. चार वाजता दाब पूर्ण चढवायचा होता. पाहुण्यांना तिकडच्या धगीत नेण्यापेक्षा इथे गारव्यात बसवावं आणि तिथल्या कॅमेऱ्यातून सगळं भिंतीवर दाखवावं, अशी टूम मॅनेजरसाहेबांनी काढली होती. धाकट्याची पाळी दोनची. आता अडीच वाजले होते.

चित्र का अडकतं ते लगेच सापडलं. नेटवर्कच्या पानावर प्रोजेक्टरचा जो आयपी अॅड्रेस होता, तोच खालच्या मजल्यावरच्या एका प्रिंटरलाही कुणीतरी देऊन ठेवला होता. दोन घरांवर एकाच नंबरची पाटी, मग पोस्टमनने तरी काय करावं? तिने शेवटचा आकडा बदलला, सेव्ह केलं. प्रोजेक्टरने थोडा विचार केला, आणि चित्र सुरळीत वाहायला लागलं. धाकटा दाबाच्या काट्याकडे बघत होता, असं त्याच्या उभं राहण्यावरून वाटत होतं. तोंड अजून नव्हतंच.

तिने ब्राइटनेस दोन घरं खाली आणला. कॉन्ट्रास्टला हात लावून बघितला. काही फरक पडेना. मग ती चित्राच्या मोडच्या पानावर गेली, आणि तिथे लिहिलं होतं: उजळ.

तिचा अंगठा रिमोटवरच राहिला.

उजळ मोड कशासाठी, तर खिडक्या उघड्या असताना तक्ते आणि आकडे ठसठशीत दिसावेत म्हणून. तो पांढऱ्याला आणखी पांढरं करतो आणि मधल्या फिकट छटा सगळ्या गिळून टाकतो. पण या प्रोजेक्टरवर पाच दिवसांपूर्वी तिने स्वतःच्या हाताने राखाडी मोड लावला होता. राखाडी दिसायला मेलेला, पण एकही छटा खात नाही. एक्स-रे दाखवायचे ते त्याच्यावरच. मग इथे उजळ कुठून आला? कुणी हात लावला म्हणावं, तर रिमोट तिच्याच कपाटात, आणि कपाटाची किल्ली तिच्याच गळ्यात.

आणि मग तिला आठवलं.

प्रोजेक्टरची एक खोड असते. ती या धंद्यातल्या माणसालाच माहीत असते, आणि विसरायची झाली तर विसरतोही तोच. चित्र आत यायला त्याला दोन वाटा असतात, केबलची एक आणि नेटवर्कची एक, आणि प्रत्येक वाटेची सेटिंग तो वेगवेगळी लक्षात ठेवतो. केबलवर काय ठरलं याचा नेटवर्कला पत्ता नसतो. इतकी वर्षं हे सभागृह केबलवर चालत होतं. नेटवर्क ओढलं गेलं मागच्या महिन्यात. आणि सोमवारी, बैठकीच्या आधी, तिने नेहमीच्या सवयीने आपला लॅपटॉप आणला, आपली केबल जोडली, राखाडी मोड लावला, आपली तपासणीची पाटी भिंतीवर घेतली. पाटी म्हणजे करड्या रंगावर करड्याच रंगात एक ते सोळा आकडे, एकाहून एक फिकट. सोळाच्या सोळा दिसले की काम झालं. सोळाही दिसले. ‘प्रोजेक्टर तपासला, चित्र योग्य’ या कागदावर तिने सही केली, केबल काढून घेतली आणि बैठक नेटवर्कवर सोडून दिली.

त्या बैठकीत दोन नंबरच्या बॉयलरच्या वेल्डिंगचे एक्स-रे बघितले गेले होते. एकूण चौसष्ट सांधे. चौसष्टही पास.

तिने कॅमेरा बंद केला आणि आधी आपली पाटी नेटवर्कवरून भिंतीवर टाकली. एकपासून आठपर्यंत आकडे दिसत होते. नऊच्या पुढे कोरी भिंत. मग तिने ऑफिसच्या कॉम्प्युटरवरचे सांध्यांचे फोटो उघडले. खरं सांगायचं तर हे फोटो तिने यापूर्वी कधी बघितलेच नव्हते. बैठकीत ती मागे दाराजवळ बसायची, आणि चित्र आलं की नाही एवढंच बघायची. चित्रात काय आहे ते बघायचं काम दुसऱ्यांचं. वाढप्याने ताट वाढावं, चव खाणाऱ्याने बघावी.

पहिले सव्वीस सांधे दोन्ही मोडमध्ये सारखेच: करड्या लोखंडावर एक फिकट, सुरवंटासारखा फुगीर पट्टा, कोपऱ्यात नंबर. सत्ताविसावाही उजळवर तसाच. तिने मोड बदलून राखाडी केला. पट्ट्याच्या मधोमध एक बारीक काळसर रेघ उगवली. केसाएवढी, जराशी वाकडी. तिने पुन्हा उजळ केलं. रेघ गेली. राखाडी केलं. रेघ आली.

असं तिने तीनदा केलं. चौथ्यांदा करायची तिची हिंमत झाली नाही.

ती काही वेल्डिंगमधली जाणकार नव्हती. पण धाकटा घरी जेवताना दुसरं बोलतोच काय? सांध्यात रेघ म्हणजे चीर, चीर म्हणजे दाब चढला की ती उघडणार, हे तिने त्याच्याच तोंडून शंभरदा ऐकलं होतं. पाण्याची चाचणी झालेली असली तरी थंड पाण्याचा दाब वेगळा आणि आगीवरच्या वाफेचा वेगळा, हेही त्यानेच सांगितलेलं. आई म्हणायची, अरे, घास तरी नीट घे, बॉयलर काय पानात वाढलाय? आणि धाकट्याला या नोकरीत चिकटवलं ते तिनेच, इथल्या तपासनीस काकांच्या हातापाया पडून. तिला भीती वाटली.

तिने धाकट्याला फोन लावला. वाजत राहिला. वाजणारच, बॉयलरकडे मोबाइल नेता येत नाही, तो दाराबाहेरच्या कपाटात कुलपात असतो. बॉयलरकडच्या लँडलाइनवर लावला तर तो सतत व्यस्त. मग मॅनेजरसाहेबांना लावला. ते फाटकाशी पाहुण्यांच्या गाड्यांची वाट बघत उभे होते. तिने सेटिंगचं सांगितलं. ते म्हणाले, सेटिंगबिटिंग आत्ता काढू नका, काकांनी बघून सही केलीये ना, मग झालं तर. अगदीच शंका असेल तर त्यांना विचारा. ते थांबा म्हणाले तर उभ्या उभ्या आग काढतो, पण तुमच्या म्हणण्यावर नाही. यात त्यांचंही चुकत नव्हतं. तपासनिसाच्या शब्दाशिवाय तिथली आग पेटत नव्हती आणि त्याच्या शब्दाशिवाय विझतही नव्हती.

तपासनीस म्हणजे काका. तिच्या वडिलांचे दोस्त. वडील गेले तेव्हा बाराव्या दिवशी घरी येऊन, पोरगी काय शिकलीये, असं विचारणारे आणि पुढच्या आठवड्यात तिला इथे उभी करणारे. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि चालताना एक हात कायम भिंतीला. कुणी विचारलं तर म्हणायचे, बांधकाम बघतोय, कंत्राटदाराचा भरवसा नाही. सगळे हसायचे. बैठकीची पद्धतही त्यांचीच. तीन वर्षांपूर्वी एक नंबरचा बॉयलर आला, तेव्हापासून त्यांनी ती पाडली होती: कॉम्प्युटरच्या पडद्यात डोकी खुपसायची नाहीत, भिंतीवर मोठं करून, सगळ्यांदेखत बघायचं. स्वतः भिंतीजवळ जायचे, हात पाठीमागे बांधायचे, क्षणभर थांबून वळायचे आणि म्हणायचे, स्वच्छ. काकांनी स्वच्छ म्हटल्यावर डाग कुणाला दिसणार? माना हलायच्या आणि पुढचा सांधा यायचा.

त्यांना फोन करायच्या आधी तिने एक गोष्ट केली. कॅमेरा पुन्हा भिंतीवर घेतला. राखाडी मोडमध्ये धाकट्याला आता तोंड होतं. घामाने चकाकणारं कपाळ, चार दिवसांची दाढी. तो शर्टाच्या बाहीने तोंड पुसत होता आणि शेजारच्याशी काहीतरी चावट बोलून हसत होता. मघाशी तोंड दिसत नाही म्हणून तिने सगळा खटाटोप केला, आणि आता दिसलं तर बघवेना.

तिच्या मनात येऊन गेलं, लपवायला काय लागतं? मोड बदललेला आहेच. कागदावर ‘चित्र योग्य’ आहेच. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि रेघ म्हणजे कदाचित चीर नसेलही, एक्स-रेवर उमटलेला ओरखडा असेल. नोकरी गेली तर आईचं औषधपाणी, घर, सगळं त्या पोराच्या एकट्याच्या खांद्यावर. त्या पोराच्या. तिने काकांना फोन लावला, आणि लगेच सभागृहात या, एवढंच म्हणाली. का, ते सांगितलं नाही. सांगायला गेली असती तर रडली असती.

काका आले तेव्हा तीन वाजून गेले होते. दारातून आत येताना त्यांचा हात भिंतीवरून सरकत आला, खुर्च्यांच्या पाठींवरून सरकला, आणि ते तिच्यापाशी येऊन उभे राहिले. तिने सगळं सांगितलं. केबल, नेटवर्क, उजळ, राखाडी. आपली सही. काही वगळलं नाही. सांगताना ती त्यांच्या बुटांकडे बघत होती. तिला वाटलं होतं ते ओरडतील, निदान कपाळाला हात लावतील. त्यांनी खिशातून चष्म्याची डबी काढली, चष्मा पुसला आणि लावला.

“दाखव,” ते म्हणाले.

तिने सत्ताविसावा सांधा भिंतीवर घेतला. रेघ दाराजवळून दिसत होती. काका भिंतीजवळ गेले, हात पाठीमागे बांधले. त्यांची सावली चित्राच्या कडेवर पडली. ते क्षणभर थांबले आणि वळले.

“स्वच्छ आहे,” ते म्हणाले. “उगाच घाबरलीस, पोरी.”

तिला काय वाटलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगायला हवं: तिला बरं वाटलं. खांद्यावरून पोतं उतरावं तसं. तीस वर्षं सांधे बघितलेला माणूस स्वच्छ म्हणतो, म्हणजे असेल ओरखडाच. आपण भिंत उजळणाऱ्या, आपल्याला काय कळतं? पण डोळे भिंतीकडे गेलेच, आणि रेघ तिथेच होती. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. ती म्हणाली, काका, नीट बघा, मधोमध. ते म्हणाले, बघितलं, नीटच बघितलं, पुढचा घे. आवाज नेहमीचाच, ठाम. तिने बटण दाबलं, ते चुकून कॉम्प्युटरवरच्या मागच्या खिडकीचं दाबलं गेलं, आणि सांध्याच्या जागी भलतंच आलं. ती चुकलं म्हणणार, तेवढ्यात काका भिंतीकडे बघून पुन्हा म्हणाले.

“हाही स्वच्छ.”

भिंतीवर सांधा नव्हताच. तिची पाटी होती. करड्यावर करडे, एक ते सोळा आकडे, वीतभर उंचीचे.

ती उभी होती तिथून हलली नाही. भिंतीला लागलेला तो हात, खुर्च्यांच्या पाठींवरून सरकत येणारा. कागद पुढे आला की काकांचं ठरलेलं, तू वाच, माझा चष्मा आत राहिलाय. भिंतीवर मोठं करून दाखवा. इतकी वर्षं डोळ्यांसमोर होतं आणि तिला दिसलं नव्हतं. मग कसली ती भिंतवाली? तिला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. भीती मात्र मघापेक्षा दुप्पट झाली, कारण आता ती विचारणार कुणाला?

तिने पाटी काढली आणि सत्ताविसावा सांधा परत आणला. मग ती भिंतीजवळ गेली. आयुष्यात कधी केलं नव्हतं ते तिने केलं: काकांचा उजवा हात पाठीमागून सोडवला, त्यांचं बोट धरलं आणि भिंतीवर टेकवलं.

“इथे आहे, काका.”

बोट तिने रेघेवरून हळूच नेलं, सुरुवातीपासून शेवटापर्यंत. त्यांनी नेऊ दिलं. बोट सोडल्यावरही ते भिंतीवरच राहिलं, आणि रेघ आता त्यांच्या नखावरून गेलेली दिसत होती.

“किती लांब?” त्यांनी विचारलं.

“तुमच्या बोटाची दोन पेरं.”

“सरळ की वाकडी?”

“वाकडी. एका टोकाला फाटा फुटल्यासारखी.”

त्यांनी मान हलवली. ओरखड्याला फाटा फुटत नाही, एवढंच म्हणाले. मग तिथल्या तिथे मॅनेजरसाहेबांना फोन लावायला सांगितला. तिने नंबर लावून मोबाइल त्यांच्या हातात दिला. पलीकडून पाहुण्यांचे, गाड्यांच्या दारांचे आवाज येत होते. काकांनी आग काढायला सांगितली. पलीकडून बरंच बोलणं झालं, चढ्या आवाजात. काका ते संपेपर्यंत थांबले आणि पुन्हा तेच म्हणाले, माझा शब्द आहे, आग काढा, कारण लेखी देतो.

फोन ठेवल्यावर ते पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसले. बसताना आधी हाताने खुर्ची चाचपली. आता ते लपवत नव्हते.

ती म्हणाली, “कारणात लिहा, प्रोजेक्टरची सेटिंग चुकली होती. ते खरंच आहे.”

“अर्धं खरं आहे,” काका म्हणाले.

तिने कॅमेरा भिंतीवर घेतला. सव्वातीन वाजून गेले होते. बॉयलरखालची धग हळूहळू मंदावत होती, माणसं पळापळ न करता पण भराभर हलत होती. धाकट्याने काट्याकडे बघितलं, काहीतरी लिहिलं, हातमोजे काढले. शेवटी डबा उचलला, टॉवेल खांद्यावर टाकला, आणि जाता जाता कॅमेऱ्याकडे बघून ताईला ठेंगा दाखवला. ती बघत असणार हे त्याला ठाऊक होतं. मग तो चित्राच्या डाव्या कडेने बाहेर पडला. भिंतीवर नुसता बॉयलर उरला. तिने खुर्चीच्या पाठीला घट्ट धरलं आणि मघापासून अडलेलं रडू एकदाचं येऊ दिलं. काकांना ते ऐकू आलं असणार.

दहा मिनिटांनी तिचा मोबाइल वाजला. बॉयलरकडची लँडलाइन होती. धाकटा.

“ताई, तुझी भिंत वाया गेली बघ आज.”

ती हसली. नाक पुसत म्हणाली, तू आधी घरी जा, आईपाशी बस.

“घरी कुठला जातोय? पाळी संपायची आहे अजून. आम्हाला सगळ्यांना एक नंबरवर पाठवलंय. आज दोनने उचलायचा तो भार त्याच्यावर टाकतायत, दाब वाढवायचाय. रात्री जेवायला थांबू नको.”

फोन तिने कानाला तसाच धरून ठेवला, पलीकडून बंद झाला तरी. एक नंबरकडे कॅमेरा नव्हता. खोलीत ऐकू जाईल एवढा धाकट्याचा आवाज मोठा होता, लहानपणापासूनच मोठा. तिने काकांकडे बघितलं. त्यांनी चष्मा काढून हातात घेतला होता.

एक नंबरचे सांधे याच भिंतीवर बघितले गेले होते. तीन वर्षांपूर्वी. केबलवर, राखाडी मोडवर, सोळाच्या सोळा आकडे तपासून. तिच्या कामात त्या दिवशी काही खोट नव्हती. आणि भिंतीवर मोठं करून दाखवा, असं काका पहिल्यांदा म्हणाले ते त्याच दिवशी.

“काका,” ती म्हणाली, “तेव्हा दिसत होतं?”

त्यांनी चष्म्याच्या काड्या एकेक करून मिटल्या, चष्मा डबीत ठेवला, डबी खिशात ठेवली.

“एक नंबरचे फोटो आहेत का?”

“आहेत.”

“आणि नंबर लाव परत.”

तिने लावून दिला. या वेळी पलीकडचा आवाज आधीपासूनच तापलेला होता. काका म्हणाले, एक नंबरचा दाब वाढवू नका, आहे तिथे थांबवा. पलीकडून विचारणा झाली, त्याला काय झालं आता, तीन वर्षं चालतोय, तुम्हीच पास केलाय. काका म्हणाले, म्हणूनच. मग मॅनेजरसाहेबांनी वीस मिनिटं दिली. त्यापुढे त्यांना कारण हवं होतं, शब्द नको होता.

काकांनी मोबाइल मांडीवर ठेवला आणि खुर्ची पुढे ओढली, भिंतीला गुडघे लागतील इतकी. हात लांब करून त्यांनी तळवा भिंतीवर टेकवला.

“किती सांधे आहेत?”

“अठ्ठेचाळीस.”

“पहिल्यापासून घे. जिथे वाटेल तिथे माझा हात नेऊन ठेव. आकार सांग, लांबी सांग. काय आहे ते मी सांगतो. तू फक्त बघ.”

तिने मेनू उघडला. नेटवर्क. मोड. राखाडी. पाटी टाकून सोळा आकडे मोजले, पुन्हा एकदा मोजले. मग पहिला सांधा भिंतीवर घेतला, दाराजवळची आपली जागा सोडून काकांच्या शेजारी जाऊन उभी राहिली, आणि चित्र आलं की नाही याचा विचार न करता चित्रात काय आहे ते बघायला लागली.